पब्लिक बीटा उघडायचा का? दूध संकलनाचं ॲप, युजर वाढतायत, रिलीज कसं करता तुम्ही लोक?

डेअरीकोड

नमस्कार मंडळी. आम्ही चार जण मिळून दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतो, अँड्रॉइड ॲप आणि मागे एक सर्व्हर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केंद्रावर काटा आणि मिल्क ॲनालायझर ब्लूटूथनी किंवा ओटीजी केबलनी मोबाईलला जोडतात, उत्पादकाचा कोड टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आपोआप येतं, रेट चार्टवरून (किती फॅट-एसएनएफला किती दर याचा तक्ता) दर लागतो, पावती निघते, आणि दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्य, ॲडव्हान्स वगैरे कपाती. सकाळी साडेपाचला रांग लागलेली असते आणि त्या वेळी ॲप अडकलं तर लोक शिव्या घालतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आधी सगळ्या ओळखीच्या संस्था होत्या. एपीके, म्हणजे ॲपची इन्स्टॉल करायची फाइल, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो, काही बिघडलं की फोन यायचा, संध्याकाळच्या संकलनाच्या आत दुसरी एपीके. तेच आमचं टेस्टिंग. आता प्ले स्टोअरवर आहोत, दोनेक हजार केंद्रं झालीत, निम्म्या लोकांना आम्ही कधी बघितलेलं पण नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये बिलाचं मॉड्यूल पूर्ण नवीन लिहिलंय, ब्लूटूथचा भाग पण बदललाय, आणि स्क्रीन वेगळी दिसते. पार्टनर म्हणतो पब्लिक बीटा उघडू, म्हणजे कच्चं व्हर्जन आधी कोणालाही वापरून बघायला देऊ, फुकटात हजार टेस्टर मिळतील, सगळ्या मोठ्या कंपन्या तेच करतात. मला धाकधूक वाटतेय कारण हा पैशाचा हिशोब आहे, गेम नाही.

तर ओपन बीटा की क्लोज्ड, किती दिवस ठेवायचा, आणि काही फाटलं तर मागे कसं यायचं? ज्यांनी वाढतं प्रॉडक्ट सांभाळलंय त्यांनी सांगा प्लीज. थिअरी नको, प्रत्यक्ष काय करता ते.

---

सदाशिव_पेठी

आधी प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपर जिथून प्ले स्टोअरवर ॲप चढवतात ते) काय काय मिळतं ते क्लिअर करून घ्या कारण बरेच जण "बीटा" म्हणून सगळं एकाच डब्यात टाकतात. इंटर्नल टेस्टिंग हा १०० जणांपर्यंतचा ट्रॅक, बिल्ड (ॲपची तयार फाइल) चढवला की थोड्या वेळात मिळतो, तो तुमच्या टीमसाठी आणि दोन-चार जवळच्या संस्थांसाठी. क्लोज्ड टेस्टिंग म्हणजे तुम्ही ईमेल यादी किंवा गूगल ग्रुप देता, त्यातलेच लोक येतात. ओपन म्हणजे स्टोअरच्या पानावर बटण दिसतं आणि कोणीही घुसतो, त्यात टेस्टरची कमाल मर्यादा लावता येते पण ती १००० च्या खाली नेता येत नाही. आणि प्रॉडक्शनला स्टेज्ड रोलआउट, म्हणजे अपडेट आधी ५ टक्क्यांना, मग २० ला, असं आपण हातानं वाढवत न्यायचं. बीटा आणि स्टेज्ड रोलआउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात ठेवा. बीटामध्ये माणूस स्वतःहून आलेला असतो, त्याला माहितीये की हे कच्चं आहे. रोलआउटमध्ये ज्याच्या फोनवर येतं त्याला काहीच कल्पना नसते.

ओपन बीटाची एक चांगली बाजू, बीटावाल्यांचा रिव्ह्यू फक्त तुम्हाला दिसतो, पब्लिक रेटिंगमध्ये धरत नाहीत. म्हणजे एक स्टार पडायची भीती नाही.

वाईट बाजू ही की बाहेर पडणं लोकांना जमत नाही. बीटा सोडला तरी फोनवरचं व्हर्जन तसंच राहतं, ॲप काढून परत टाकावं लागतं, आणि ॲप काढलं की फोनवरचा लोकल डेटा गेला. तुमच्याकडे नेट नसताना संकलन ऑफलाइन सेव्ह होत असणार ना? सिंक व्हायच्या आधी कोणी काढून टाकलं तर त्या सकाळचं दूध हवेत.

बाकी बिल्ड टेस्ट ट्रॅकवर चढवला की प्री-लाँच रिपोर्ट आपोआप येतो, गूगल काही फोनवर चालवून बघतं. क्रॅश पकडतो तो, पण काटा-ॲनालायझर जोडलेला नसल्यामुळे तुमच्या खऱ्या अडचणी त्यात दिसणार नाहीत.

---

मी_पण_डेव्हलपर

जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि जुलै २००९ पर्यंत बीटा होतं, पाच वर्षं!! नंतर बीटा काढलं तर लॅब्जमध्ये लोगोवर परत बीटा लिहायचं ऑप्शन दिलं होतं त्यांनी. तुम्ही पण कायमचं बीटा लिहून ठेवा, कोणी भांडायला आलं की बोट दाखवायचं 😄

---

बग_शोधणारी

वरचा जोक सोडा पण लोक खरंच तसंच वापरतात बीटा हा शब्द, ढाल म्हणून. शेतकऱ्याच्या बिलात फरक आला तर तो बीटा बघणार नाहीये.

मी टेस्टिंगमध्येच काम करते, तर माझं मत स्पष्ट सांगते, "हजार फुकट टेस्टर" असं काही नसतं. हजार लोक इन्स्टॉल करतात, त्यातले पाच-दहा काहीतरी लिहितात, आणि त्यातलं निम्मं "छान आहे सर", "अपडेट नंतर चालत नाही" एवढंच असतं. कुठला फोन, कुठलं मशीन, काय करत होतात, काही नाही. आणि जे लिहिलं ते वाचायला माणूस लागतो. चौघांच्या टीममध्ये तो कोण आहे ते आधी ठरवा. तो नसेल तर बीटा उघडूच नका.

विंडोज १० चं १८०९ नावाचं अपडेट आठवतंय का? २ ऑक्टोबर २०१८ ला आलं आणि चार दिवसांत मायक्रोसॉफ्टला थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायली उडत होत्या. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलं होतं आणि जुन्या जागी पण काही फायली शिल्लक होत्या त्यांचं जुनं फोल्डर अपडेटनं रिकामं समजून पुसलं. आता गंमत अशी की इन्सायडर प्रोग्राममध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या पब्लिक बीटांपैकी एकात, हे आधीच कोणीतरी कळवलं होतं! फीडबॅक हबमध्ये, म्हणजे तक्रारी कळवायच्या त्यांच्या ॲपमध्ये, रिपोर्ट पडून होते. पण त्यांना अपव्होट कमी, त्यामुळे वर आलेच नाहीत. नंतर त्यांनी फीडबॅक देताना "हे किती गंभीर आहे" हे सांगायची सोय टाकली, आणि नोव्हेंबरमध्ये ते व्हर्जन परत सोडलं. आणि त्या वेळी रिलीजच्या आधीचा शेवटचा टप्पा, रिलीज प्रिव्ह्यू रिंग, ती पण गाळली होती.

तुम्हाला त्यातून घ्यायचं काय, तर मतांवर चालू नका. "बटणाचा रंग आवडला नाही" हे पन्नास जण लिहितील आणि "माझ्या एका सभासदाची कपात दोनदा झाली" हे एकच जण लिहील. तो एकच आधी. पैसे, डेटा, संकलन अडणं या तीन गोष्टींचा एकही रिपोर्ट आला की त्याच दिवशी फोन लावायचा, चॅट नाही, फोन. आपले लोक लिहून सांगत नाहीत, फोनवर मात्र सगळं सांगतात, मागच्या वर्षीचं पण.

दुसरं म्हणजे टेस्टर कोण आहेत हे किती आहेत यापेक्षा महत्त्वाचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये एक तेलुगू जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनचं ॲप क्रॅश व्हायचं, ॲपलला आयओएस ११.२.६ काढावं लागलं त्यासाठी. बीटा टेस्टर काय कमी होते त्यांच्याकडे? पण तेलुगूत टाइप करणारे त्यात किती असतील! तुमच्या बाबतीत जुना दोन इंची थर्मल प्रिंटर, त्यावर मराठी नाव, "ऱ्हा" किंवा "र्‍या" असलेलं आडनाव, अँड्रॉइड ८ चा फोन, रेंज नसलेलं गाव, म्हैस आणि गाय दोन्ही घालणारा सभासद, असे लोक हुडकून क्लोज्ड बीटात घ्या. वीस-पंचवीस केंद्रं नीट निवडलीत तर ओपनच्या हजारापेक्षा जास्त निघेल. आणि शक्य असेल तर एका सकाळी जाऊन नुसतं उभं राहा, बोलू नका, बघा. रांगेत माणूस कुठलं बटण दोनदा दाबतो ते कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही.

---

डेअरीकोड

ताई मस्त सांगितलंत, "र्‍या" चं तर आमचं दुखणंच आहे, प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो म्हणून आम्ही पावती चित्र करून पाठवतो आणि जुन्या प्रिंटरवर ती फार हळू निघते.

एक शंका, समजा क्लोज्ड बीटा झाला, मग प्रॉडक्शनला ५ टक्के सोडायचं आणि दोन दिवस क्रॅश नाही आले की १०० करायचं, हे पुरेसं नाही का?

---

आकडेमोड

५ टक्के म्हणजे तुमच्याकडे १०० फोन. शंभरातल्या एका फोनवर येणारा बग घ्या, १०० फोनमध्ये तो एकदा तरी दिसायची शक्यता ६३ टक्के. म्हणजे तिनात एकदा तरी तो तुम्हाला दिसणारच नाही आणि तुम्ही खुशाल १०० टक्के कराल, मग २००० मध्ये वीस केंद्रं बोंबलणार. साधा हिशोब लक्षात ठेवा, क्ष फोनवर एकदाही प्रॉब्लेम नाही आला तर खरं प्रमाण जास्तीत जास्त ३ भागिले क्ष असू शकतं, ९५ टक्के खात्रीनं. एका टक्क्याच्या खाली आहे असं म्हणायला ३०० फोन लागतात. मोठ्या कंपनीचा एक टक्का म्हणजे लाखो लोक असतात म्हणून त्यांचं १-२-५-१० चालतं, ॲपलचा फेज्ड रिलीज पण असाच सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५०, १०० असा जातो. तुम्ही ती टक्केवारी कॉपी करू नका, किती फोन ते बघा. आणि किती दिवस हे पण बघा, बिल दहा दिवसांनी होत असेल तर दोन दिवसांत बिलाचा बग दिसणार कुठून??

---

रात्रपाळी

मी बॅकएंड आणि ऑपरेशन्सवाला, म्हणजे सर्व्हरकडचं काम बघणारा. वरच्यांनी बीटाचं सांगितलं, मी मागे येण्याचं सांगतो कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे.

अँड्रॉइडमध्ये मागे येणं असं नसतंच. रोलआउट हॉल्ट करता येतो पण ज्यांच्याकडे गेलं त्यांच्याकडे ते राहतं. जुनं व्हर्जन परत द्यायचं तर जुना कोड वाढीव व्हर्जन कोड लावून नवीन म्हणून सोडायचा. आणि तोपर्यंत नवीन व्हर्जननं फोनवरच्या डेटाबेसचं रूप बदललेलं असतं, जुन्या कोडला ते वाचता येत नाही. तुम्ही रूम (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) वापरत असाल तर कोणीतरी कधीतरी घाईत फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन लिहून ठेवलंय का ते आज बघा, ते असेल तर मायग्रेशन (जुना डेटा नव्या रूपात आणायचा कोड) सापडलं नाही की टेबलं साफ करून नव्यानं बनवतं. डेमोसाठी ठीक, हिशोबाच्या ॲपमध्ये ते म्हणजे संस्थेचं रजिस्टर चुलीत. त्यामुळे स्कीमा (डेटाबेसची रचना) दोन-तीन रिलीजमध्ये बदलायचा, आधी नवीन कॉलम नुसता वाढवायचा, मग दोन्हीकडे लिहायचं, मग नव्यातून वाचायचं, आणि जुना काढायचा तो अगदी शेवटी, सगळे पुढे आल्यावर. कंटाळवाणं आहे पण मग कुठल्याही टप्प्यावरून एक पाऊल मागे येता येतं.

दुसरं, तुमचं रोलआउट फोनमागे होतं आणि तुमचा ग्राहक संस्था आहे. ५ टक्के फोन प्ले स्टोअर कुठलेही निवडतं. एका संस्थेत दोन फोन असतील, एक काट्यावर, एक सचिवांकडे, तर एकावर नवीन बिल आणि दुसऱ्यावर जुनं असं होईल, आणि दोन्ही एकाच सर्व्हरला लिहिणार. म्हणून नवीन बिल मॉड्यूल ॲपमध्ये सगळ्यांकडे जाऊ दे पण बंद स्थितीत, आणि सर्व्हरवरून संस्थेच्या कोडप्रमाणे चालू करा. फीचर फ्लॅग. बिघडलं की फ्लॅग बंद, प्ले स्टोअरची वाट बघायची गरज नाही. फक्त फ्लॅग काम झाल्यावर काढून टाकायची सवय लावा आणि जुन्या फ्लॅगचं नाव नव्या कामाला अजिबात वापरू नका. नाईट कॅपिटल नावाची शेअर ट्रेडिंगवाली अमेरिकन कंपनी, १ ऑगस्ट २०१२, आठ सर्व्हरपैकी एकावर नवीन कोड चढवायचा राहिला आणि नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग वापरला होता, त्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं बंद पडलेला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. कंपनीच राहिली नाही स्वतंत्र.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही ॲपच्या रिलीजबद्दल विचारताय, पण रेट चार्ट कसा जातो? सर्व्हरवरून एकदम सगळ्यांना ना? तो पण रिलीजच आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीमुळे जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे झाले, आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले, तेव्हा गडबड त्यांच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या व्हर्जनमध्ये नव्हती. ते व्हर्जन टप्प्याटप्प्यानं घ्यायची सोय ग्राहकांना होती, एक-दोन व्हर्जन मागे राहता येत होतं. बिघडली ती कंटेंट फाइल, म्हणजे नवीन हल्ले ओळखायची माहिती, ती थेट सगळ्यांना एकदम जायची. मागे राहिलेले शहाणे पण त्यात गेले. सव्वा तासात त्यांनी ती फाइल मागे घेतली पण बंद पडलेलं मशीन परत चालू करायला माणूस प्रत्येकापाशी जावा लागला. त्यानंतर त्यांनी कंटेंट पण टप्प्यानं द्यायला सुरुवात केली. तर ३.५ फॅट ८.५ एसएनएफ च्या खान्यात कोणी दर चुकीचा टाकला आणि तो पहाटे दोन हजार केंद्रांवर गेला तर तुमचा बीटा काय करणार त्यात?

---

डेअरीकोड

रात्रपाळी, रेट चार्टचं वाचून पोटात गोळा आला खरं सांगतो. संघ चार्ट पाठवतो, आमचा एक जण एक्सेलमधून चढवतो, सेव्ह केलं की सगळीकडे. तपासणी फक्त एवढीच की खाना रिकामा नाही ना.

बिलाच्या नव्या कोडसाठी फ्लॅग लावू. पण तो बरोबर आहे हे फ्लॅग चालू करायच्या आधी कसं कळणार? टेस्ट केसेस लिहिल्यात पण कपातींचे इतके प्रकार आहेत की प्रत्येक संस्थेचं वेगळंच काहीतरी निघतं.

---

रात्रपाळी

दोन्ही चालवा. जुना कोड बिल काढेल, तेच छापायचं, तेच खरं. मागे गुपचूप नवीन कोड त्याच डेटावर बिल काढेल, कोणाला दाखवायचं नाही, फक्त फरक पडला तर सर्व्हरवर नोंद. गिटहबनं (कोड ठेवायची साइट) मर्ज करायचा, म्हणजे वेगवेगळे बदल एकत्र करायचा, जुना कोड काढून नवीन लावला तेव्हा असंच केलं होतं, दोन्ही शेजारी चालवून उत्तरं जुळतात का बघत बसले, ती लायब्ररी "सायंटिस्ट" नावानं उघडी पण आहे. तुमच्यासाठी दोन हजार संस्था गुणिले एक बिल, एवढा टेस्ट डेटा कुठलाच बीटा देणार नाही आणि कोणाला त्रासही नाही. आणि सांगतो, फरक निघाल्यावर निम्म्या वेळा चूक जुन्या कोडची निघेल 😀 पैसे पूर्णांकात ठेवा, फ्लोटमध्ये (दशांश आकडे, कॉम्प्युटर ते अंदाजे ठेवतो) नको, नाहीतर नुसते पैशा-पैशाचे फरक निघत राहतील आणि खरा फरक त्यात हरवेल.

रेट चार्टसाठी, मागच्या चार्टपेक्षा दर ठरावीक रकमेपेक्षा जास्त हलला तर दुसऱ्या माणसाची मंजुरी, फॅट वाढली तर दर कमी होता कामा नये ही तपासणी, आणि आधी दहा केंद्रांना, मग बाकीच्यांना.

---

कागलचा_सचिव

मी डेव्हलपर न्हाय, दूध संस्थेत सचिव आहे, भाच्यानं हा धागा दाखवला म्हणून लिहितोय. तुमचं ॲप वापरत नाही, दुसरं वापरतो, नाव घेत नाही.

आमच्याकडं अपडेट आलं की काय होतं ते सांगतो. रात्रीत फोन आपोआप अपडेट झाला, पहाटे उघडलं तर कसलीशी परवानगी मागतोय, पोरानं "नको" दाबलं, काटा जोडलाच न्हाय. बाहेर पन्नास माणसं किटल्या घेऊन उभी. शेवटी वहीवर लिहून घेतलं आणि दुपारभर बसून ते चढवलं. कस्टमर केअरचा फोन दहाला चालू होतो, आमचं संकलन आठला संपतं. तवा तुमचं बीटा काय असंल ते असू दे, पहिल्यांदा फोन पहाटे पाचला उचला.

आणि तारखा बघा की. १ ते १०, ११ ते २०, २१ ते अखेर अशी बिलं असतात. ११, २१ आणि १ तारखेला बिलं काढायची गडबड असती, त्या दिवशी कुणी काही बदललं तर माणूस वेडा होतो. बिल वाटून झालं की चार-पाच तारखेला सोडा, चौदा-पंधराला सोडा. दिवाळीच्या आधी फरक बिल आणि बोनस असतो, तो महिना तर हातच लावू नका, ऑडिटच्या वेळी पण नको.

आणि त्या स्क्रीनची जागा बदलू नका उगंच. आमचा पोरगा न बघता दाबतो बटणं, बोटाला सवय आहे.

---

बग_शोधणारी

सचिव काका, हा पूर्ण धाग्यातला सगळ्यात कामाचा रिप्लाय आहे.

परवानगीचं जे म्हणताय ते बहुतेक अँड्रॉइड १२ पासूनचं असणार, तेव्हापासून ब्लूटूथला जोडायला जवळपासच्या डिव्हाइसची वेगळी परवानगी लागते, आधी लोकेशन मागायचे. डेअरीकोड, तुमचा ब्लूटूथचा भाग बदललाय म्हणालात, तर नुसतं नवीन इन्स्टॉल टेस्ट करू नका, जुन्या व्हर्जनवरून अपडेट करून बघा, "नको" दाबून बघा, दोनदा "नको" दाबून बघा (मग अँड्रॉइड परत विचारतच नाही, सेटिंगमध्ये जावं लागतं), आणि तेव्हा स्क्रीनवर मराठीत काय करायचं ते लिहिलेलं असू दे. आणि परवानगी पहाटे मागू नका, दुपारी सचिव ॲप उघडतील तेव्हा मागा. शिवाय हातानं लिटर-फॅट टाकून पुढे जायचा रस्ता कायम उघडा पाहिजे.

---

नवशिक्या_नाशिक

मधेच विचारतो सॉरी, मी एकटाच आहे, पहिलंच ॲप, प्ले कन्सोल म्हणतंय १२ टेस्टर १४ दिवस हवेत, हे सगळ्यांना असतं का? टेस्टर पुरवणारे टेलिग्राम ग्रुप आहेत ते चालतात का?

---

सदाशिव_पेठी

पर्सनल अकाउंट १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं असेल तर हो. आधी २० होते, नंतर १२ केले. सलग १४ दिवस ऑप्ट-इन, म्हणजे टेस्टिंगमध्ये सामील, राहिलेले पाहिजेत, मग प्रॉडक्शनसाठी अर्ज करता येतो. ऑर्गनायझेशन अकाउंटला हा नियम नाही. त्या ग्रुपच्या नादी लागू नका, तू माझं टाक मी तुझं टाकतो असा सगळा प्रकार, कोणी उघडून बघत नाही, आणि अर्ज करताना टेस्टरांनी काय सांगितलं हे विचारतात तेव्हा काय लिहिणार. कॉलेजमधले, नात्यातले बारा लोक नाही मिळाले तर ॲप कोणासाठी आहे हाच प्रश्न आहे.

---

म्युनिकहून

रिलीज किती दिवसांनी यावर कोणी बोललं नाही म्हणून. आम्ही ट्रेन पद्धत वापरतो, म्हणजे तारीख ठरलेली, जे तयार आहे ते जातं, जे नाही ते पुढच्या गाडीला. क्रोम आधी सहा आठवड्यांनी यायचं, २०२१ मध्ये ९४ पासून चार आठवड्यांवर आणलं, आणि कॅनरी, डेव्ह, बीटा, स्टेबल असे कच्च्यापासून पक्क्यापर्यंतचे थर. फायरफॉक्सचंही तसंच. फायदा असा की "माझं फीचर घ्याच" ही भांडणं संपतात आणि प्रत्येक रिलीज लहान राहतं, बिघडलं तर शोधायला सोपं. डेअरीकोड, तुम्ही बिल, ब्लूटूथ आणि नवीन स्क्रीन तिन्ही एकाच व्हर्जनमध्ये घालताय, ती मला सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते. काही फुटलं तर तिघांपैकी कोण ते कसं कळणार?

आणि सचिव काकांसारख्यांसाठी फायरफॉक्सचं ईएसआर असतं तसं काहीतरी, वर्षभर तेच व्हर्जन, फक्त सुरक्षेचे आणि मोठ्या बगचे फिक्स.

---

सदाशिव_पेठी

पहिल्या भागाशी सहमत, ईएसआरशी नाही. चार माणसांत दोन-दोन लाइन सांभाळायच्या म्हणजे प्रत्येक फिक्स दोनदा करायचा, दोनदा टेस्ट करायचा. मोझिलाकडे माणसं आहेत. शिवाय प्ले स्टोअर दरवर्षी टार्गेट एपीआय लेव्हल (ॲप कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलंय तो आकडा) वाढवायला लावतं, त्यामुळे जुन्या लाइनवर पण काम चुकत नाही. एकच लाइन ठेवा आणि जुनी स्क्रीन फ्लॅगमागे वर्षभर राहू दे, ज्याला हवी त्यानं वापरावी.

---

म्युनिकहून

हं, चौघांसाठी ते जास्त बरोबर आहे. पण मग फ्लॅग काढायची तारीख आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर वर्षभरानं दहा फ्लॅग आणि हजार कॉम्बिनेशन होतात, कुठलं टेस्ट केलंय ते कोणालाच आठवत नाही.

---

डेअरीकोड

सगळ्यांचे मनापासून आभार, पार्टनरला धागा पाठवला, त्यानं पूर्ण वाचला आणि म्हणाला ओपन बीटा राहू दे. मग लगेच विचारलं की निदान स्क्रीनसाठी तरी उघडू या का, तर त्यावर आमचं अजून चाललंय 🙂 स्क्रीन बिघडली तर पैसे जात नाहीत हे त्याचं म्हणणं, आणि मला सचिव काकांचा तो न बघता बटण दाबणारा पोरगा आठवतो.

तीन तुकडे करतोय. आधी नुसतं ब्लूटूथ, ते क्लोज्डमध्ये, वेगवेगळे ॲनालायझर आणि प्रिंटर असलेली केंद्रं फोन करून गोळा करतोय. त्याच रिलीजमध्ये नवीन बिलाचा कोड आत पण झाकलेला, दोन-तीन बिलं जुन्याच्या शेजारी चालवून फरक बघणार. फॉलबॅकवालं शोधलं, एका जुन्या फाइलमध्ये सापडलं, काढलं. रेट चार्टला दुसऱ्या माणसाची मंजुरी कालपासून चालू केली, एक्सेलवाला वैतागलाय. पहाटेच्या फोनची पाळी लावायचीये, त्यावर मात्र चौघांचंही तोंड वाकडं.

सचिव साहेब, तुम्ही दुसरं ॲप वापरता ते माहितीये, पण तुमच्याकडे जुना ॲनालायझर असेल आणि एक दिवस दुपारी येऊन आमचा फोन नुसता जोडून बघू दिलात तर फार उपकार होतील. संकलनाच्या वेळी नाही येणार.

---

कागलचा_सचिव

दुपारी येऊन काय बघणार, दूध नसतं तवा. संध्याकाळी या, साडेपाचला, बारा तारखेनंतर कधीपण. ॲनालायझर जुना आहे, केबलनं चालतो, ब्लूटूथ न्हाय त्याला, तेवढी केबल आणा बरोबर. आमच्या ॲपला हात लावायचा न्हाय, तुमचा फोन वेगळा जोडून एकेक सॅम्पल परत लावून बघा, म्हशीचं वेगळं, गाईचं वेगळं. आणि पाच वाजता फोन उचलणाऱ्याचा नंबर आधी पाठवा, बघू खरंच उचलतोय का.